विश्लेषण : वसंतातले स्टॉकहोम मुलाबाळांसह पाहायचे, तर नेमके कधी आणि कसे?

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम ही नावे आधी येतात. अलीकडे मात्र उन्हाळी सुट्टीत स्कँडिनेव्हियाकडे वळणारी मराठी कुटुंबेही दिसतात. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही त्यातली महत्त्वाची जागा. पण इथला वसंत लहरी आहे. एका आठवड्यात चेरी फुलते, तर पुढच्याच आठवड्यात बर्फमिश्रित पाऊस पडू शकतो. चौघांच्या सहलीचा खर्च पाहता तारखा चुकल्या तर तो फटका लहान नसतो. म्हणून हे शहर, हा ऋतू आणि त्याचे व्यवहार आधी समजून घ्यायला हवेत.

वसंताचे एवढे अप्रूप का?

उत्तर आहे प्रकाशात. डिसेंबरच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. एप्रिल संपताना तो साडेपंधरा तासांच्या आसपास पोहोचतो. महिनोन्‌महिने घरात कोंडलेले शहर मग अक्षरशः बाहेर येते. अंगात जाड कोट असतानाही लोक कॅफेबाहेरच्या खुर्च्यांवर उन्हाकडे तोंड करून बसतात. पर्यटकाला याचा थेट फायदा असा की, संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत मुलांना बागेत खेळवता येते.

चेरीचा बहर कुठे आणि कधी?

शहराच्या मध्यभागी कुंगस्ट्रॅडगार्डन, म्हणजे ‘राजाची बाग’ आहे. तिथे १९९८मध्ये लावलेली चेरीची ६३ झाडे दोन्ही बाजूंनी गुलाबी छत धरतात. साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून बहर सुरू होतो आणि दोन-तीन आठवडे टिकतो. थंडी लांबली तर तो पुढे सरकतो. बागेत प्रवेशशुल्क नाही.

याच बागेतले जुने एल्म वृक्ष मुलांना आवर्जून दाखवावेत. भुयारी मेट्रोच्या प्रवेशद्वारासाठी १९७१मध्ये तेथील १३ एल्म तोडायचे ठरले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात नागरिकांनी रात्री झाडांना घेरले, काही जण फांद्यांवर चढून बसले. पोलीस आले, करवती चालल्या, बुंध्यांवर घाव पडले. पण झाडे पडली नाहीत. अखेर प्रवेशद्वाराची जागा बदलावी लागली. ही घटना स्वीडनमध्ये ‘एल्मची लढाई’ म्हणून ओळखली जाते. मेट्रो स्थानकही झाले, १९७७मध्ये, आणि एल्मच्या सावलीत चहा-कॉफी घेणारेही राहिले.

मुलांसाठी काय पाहावे?

शहर १४ बेटांवर वसले आहे आणि मुलांच्या आवडीच्या बहुतेक जागा यूरगोर्डेन या एकाच बेटावर आहेत. त्यामुळे धावपळ वाचते.

पहिले, वासा संग्रहालय. ‘वासा’ ही ६४ तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरच्या आतच बुडाली. नौकेचा वरचा भार जास्त होता. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारी जहाजकीड जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनी, १९६१मध्ये नौका जवळपास अखंड वर काढता आली. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे.

दुसरे, स्कान्सेन. आर्थर हाझेलियस यांनी १८९१मध्ये सुरू केलेले हे खुले संग्रहालय. स्वीडनभरातून आणलेली सुमारे १५० जुनी घरे, शेते आणि कारागिरांची दुकाने इथे उभी आहेत. शेजारीच अस्वल, लांडगा, मूस अशा उत्तरेकडच्या प्राण्यांचा विभाग आहे. वसंतात अस्वले थंडीच्या झोपेतून उठलेली असतात आणि कोकरेही पाहायला मिळतात.

तिसरे, लहानग्यांसाठी युनिबाकेन. ‘पिप्पी लाँगस्टॉकिंग’च्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या कथाविश्वातून फिरवणारी छोटी गाडी हे इथले आकर्षण.

३० एप्रिलला काय असते?

वालबोर्ग. हिवाळ्याला निरोप देण्यासाठी त्या संध्याकाळी देशभर मोठ्या शेकोट्या पेटतात आणि गायकवृंद वसंतगीते गातात. आपल्या होळीची आठवण व्हावी असा हा प्रसंग. स्कान्सेनमधला सोहळा शंभर वर्षांहून जुना आहे. त्याच दिवशी राजे कार्ल सोळावे गुस्ताव यांचा वाढदिवस असल्याने राजवाड्यासमोरही गर्दी असते. १ मे रोजी मात्र सार्वजनिक सुट्टी असते, हे लक्षात ठेवावे.

बाबागाडी घेऊन फिरता येते का?

अगदी सहज. अपत्यामागे आईवडिलांना मिळून ४८० दिवसांची पालकत्व रजा असते आणि त्यातील ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात. दुपारी बागेत बाबागाडी ढकलणारे वडील दिसतात, ते या धोरणामुळे. शहराची रचनाही त्याला साजेशी आहे. मेट्रो स्थानकांत उद्वाहक आहेत, बसमध्ये बाबागाडीसाठी जागा असते. सात वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत सार्वजनिक वाहतुकीत तिकीट लागत नाही. स्लुसेनहून यूरगोर्डेनला जाणाऱ्या बोटीलाही हेच तिकीट चालते, त्यामुळे वेगळी जलसफर न घेताही मुलांची बोटीची हौस भागते. पाऊस लागलाच, तर मेट्रोने फिरावे. शंभर स्थानकांपैकी नव्वदहून अधिक ठिकाणी चित्रे, शिल्पे, रंगवलेले खडक आहेत.

खर्च कुठे वाचतो, अडचण कुठे येते?

जेवण महाग आहे. मात्र कामाच्या दिवशी दुपारी अनेक उपाहारगृहांत ठरावीक दरात जेवण मिळते. त्यात सहसा सॅलड, ब्रेड, कॉफी असते. शाकाहारींना फलाफलचा आधार आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. अनेक दुकाने रोख रक्कम घेतच नाहीत; परदेशात चालणारे कार्ड हवेच.

व्हिसा शेंगेनचा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ. सोबत किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शेवटच्या महिन्यावर विसंबू नये. परागकणांचा त्रास असणाऱ्यांनी औषधे जवळ ठेवावीत, कारण एप्रिलअखेर ते मे हा बर्च फुलण्याचा काळ असतो.

मग तारखा कोणत्या निवडाव्यात?

दोन पर्याय आहेत. चेरी आणि शेकोटी दोन्ही हवे असल्यास २५ एप्रिल ते २ मे. या काळात दुपारचे तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास आणि पहाटे दोन-तीन अंशांपर्यंत असते. मोजे, टोपी, पावसाळी जॅकेट अनिवार्य. मुले लहान असतील आणि थंडी सोसत नसेल, तर मेचा दुसरा पंधरवडा सोयीचा. तेव्हा चेरी संपलेली असते, पण झाडे हिरवी, ऊब अधिक आणि ग्रोना लुंड हे १८८३पासूनचे मनोरंजन उद्यानही सुरू झालेले असते. बाहेरच्या द्वीपसमूहाच्या बोटींचे भरगच्च वेळापत्रक मात्र जूनमध्येच लागते. त्यामुळे वसंतात जाणाऱ्यांनी दूरच्या बेटांचा हट्ट सोडून यूरगोर्डेनला दोन पूर्ण दिवस द्यावेत, हेच पैशांच्या आणि मुलांच्या दृष्टीने शहाणपणाचे.