लेकराला वाचायला शिकवताना

गटाच्या बैठकीत बचत-कर्जाचा हिशेब आटोपला की पोरांच्या शाळेचा विषय निघतोच. मग कुणीतरी म्हणतं, "ताई, आम्हीच अडाणी, लेकराला काय वाचायला शिकवणार?" आज त्यावरच बोलू. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर ते नुसतं मराठीत मागं पडत नाही. गणितातलं शाब्दिक उदाहरणही त्याला कळत नाही. मग सकाळी पोट दुखायला लागतं, शाळा बुडते. मुलगी असली तर धाकट्याला सांभाळायला ती घरात हवीच असते.

वाचन आधी कानातून सुरू होतं, पाटी नंतर. भाकरी थापता थापता विचारा, "भाकरीत पहिला आवाज कोणता? 'भा'नं सुरू होणारं आणखी काय?" भाजी, भात, भाऊ. कोडी, भेंड्या, गोष्टी हे सगळं याच कामाचं. त्यासाठी आईला एकही अक्षर यावं लागत नाही.

मग अक्षरं. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत घोकून घेण्याची घाई नको. घोकलेलं मूल मधेच 'त'वर बोट ठेवलं की पुन्हा 'क'पासून म्हणत येतं. आपल्याकडं ग, म, भ, न पासून सुरुवात करायची जुनी पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. चारही अक्षरांना उजवीकडं उभी रेघ, वळणं एकमेकांजवळची. एवढ्यात मन, नग, मग, गगन, नमन हे शब्द होतात. काना दिला की मामा, नाना, नाग, मान. चार अक्षरांवरच पोर खराखुरा शब्द वाचतं, आणि त्या आनंदावर पुढची अक्षरं भराभर येतात.

पाटी नसली तरी अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेलं, तेव्हा पानं, बिया, शिंपले हीच त्यांची साधनं होती. आपल्या अंगणात चिंचोके मांडून 'ग' होतो, रांगोळीनं 'म' होतो.

काही ठिकाणी मुलं अडतातच. भ-म, ध-घ, ब-व यांत गोंधळ होतो. 'दिवा' शब्दात वेलांटी 'द'च्या आधी दिसते, पण बोलताना नंतर येते, म्हणून मूल थबकतं. थांबू द्या. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पुस्तकात 'पाणी' आहे आणि लेकरानं 'पानी' वाचलं, तर त्याला हसू नका, रागावू नका. त्यानं अक्षरं ओळखली, अर्थ कळला, उच्चार आपल्या घरचा केला. हे वाचनच आहे. पुस्तकी उच्चार पुढं येतो. हसलं की मात्र तोंड मिटतं, आणि ते उघडायला फार वेळ लागतो.

ज्यांना वाचता येत नाही त्या आयांनी रोज दहा मिनिटं नुसतं ऐकावं. चूल पेटलेली असो, भाजी निवडणं चालू असो, "वाच बरं मोठ्यानं" म्हणावं. मधेच विचारावं, "मग काय झालं?" सांगता आलं तर समजून वाचलंय. पुस्तक नसेल तर बियाण्याची पिशवी, एसटीची पाटी, गटाचं पासबुक चालतं. घरात मोबाइल असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यावर फुकट वाचता येतात. शाळेतली गोष्टींची पुस्तकंही कपाटात ठेवायला नसतात, गुरुजींकडं हक्कानं मागा.

आणि मूल पुस्तक डोळ्यांजवळ नेत असेल, फळ्यावरचं दिसत नाही म्हणत असेल, तर आधी डोळे तपासा. आरोग्य तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथक कधी येणार ते आशाताईंना विचारून ठेवा.