तिलवारा ते भेडाघाट : नदीवरची रात्र आणि धरणाचे पाणी

नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला जाणारा रस्ता शहरात शिरण्यापूर्वी तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. पुलावरून दिसणारे रुंद आणि संथ पात्र पाहून अनेक प्रवाशांच्या मनात एक बेत येतो. सायंकाळी येथून होडीत बसावे, रात्र नदीकाठी काढावी आणि सकाळी संगमरवरी खडकांसाठी प्रसिद्ध असलेल्या भेडाघाटला उतरावे. नकाशावर हा प्रवास अगदी सोपा दिसतो. भेडाघाट प्रवाहाच्या खालच्या दिशेलाच आहे आणि अंतरही फार नाही.

प्रत्यक्षात मात्र दोन गोष्टी या बेताच्या आड येतात. पहिली म्हणजे वाटेतील धबधबा आणि दुसरी म्हणजे वरच्या बाजूचे धरण. यांपैकी धबधबा सर्वांना ठाऊक असतो. धरणाचा विचार फारच थोडे लोक करतात आणि रात्रीच्या वेळी खरा धोका तेथूनच येतो.

घाटांचा क्रम

जबलपूर परिसरात नर्मदा बरगी धरणातून बाहेर पडते आणि ग्वारीघाट, तिलवारा घाट, लम्हेटा घाट अशा क्रमाने भेडाघाटकडे जाते. मकरसंक्रांतीला तिलवाऱ्यात मोठी जत्रा भरते. सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखालील १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात झाले. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जनही तिलवारा घाटावर करण्यात आले.

पुढचा लम्हेटा घाट भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. येथे आढळणाऱ्या खडकांच्या थरांना ‘लमेटा’ हेच नाव मिळाले असून या थरांत डायनासोरचे जीवाश्म सापडले आहेत. भेडाघाट आणि लम्हेटा घाट यांचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत करण्यात आला.

होडी कोठे थांबते?

तिलवाऱ्याहून निघालेली होडी भेडाघाटच्या घाटापर्यंत पोहोचू शकत नाही. लम्हेट्याच्या पुढे पात्र खडकाळ होत जाते आणि त्यानंतर धुवांधार धबधबा येतो. रुंद पात्रातील पाणी येथे अरुंद जागेतून खाली कोसळते व तुषारांचा धूर उठतो, म्हणून त्याला हे नाव पडले. धबधब्याच्या खाली संगमरवरी खडकांची सुमारे तीन किलोमीटरची घळ सुरू होते. भेडाघाटचा पंचवटी घाट या घळीच्या खालच्या टोकाला आहे. पर्यटकांच्या होड्या तेथून निघून प्रवाहाच्या उलट दिशेने घळीत जातात आणि परत येतात.

म्हणजेच तिलवाऱ्याचे पाणी आणि पंचवटीचे पाणी एकाच नदीचे असले, तरी होडीच्या दृष्टीने ते दोन वेगळे जलमार्ग आहेत. वरून येणाऱ्याने धबधब्याच्या बरेच अलीकडे, प्रवाह वेग घेण्यापूर्वीच काठावर उतरले पाहिजे. पुढचे अंतर जमिनीवरून पार करावे लागते आणि घळ पाहण्यासाठी पंचवटीला दुसरी होडी घ्यावी लागते. अंधारात धबधब्याचा आवाज ऐकून अंतराचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. त्यामुळे लम्हेट्याच्या पुढचा टप्पा रात्री पाण्यातून करू नये.

केवळ भेडाघाटच नव्हे, तर नर्मदेचे बरेचसे पात्र असेच तुकड्यातुकड्यांनी बनलेले आहे. अमरकंटकजवळ कपिलधारा, मंडल्याजवळ सहस्रधारा, जबलपूरजवळ धुवांधार आणि महेश्वरजवळ पुन्हा सहस्रधारा असे तिचे टप्पे पडतात. १३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीवर गंगेसारखी सलग जलवाहतूक उभी राहिली नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे. २०१६ च्या कायद्याने नर्मदेला राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत स्थान मिळाले. मात्र हा जलमार्ग समुद्राकडील, म्हणजे खंबातच्या आखाताला मिळणाऱ्या शेवटच्या भागापुरता आहे.

पाणी रात्री का वाढते?

तिलवाऱ्याच्या वरच्या बाजूला बरगी धरण आहे. नर्मदेवरील नियोजित मोठ्या प्रकल्पांपैकी सर्वांत आधी पूर्ण झालेल्या धरणांमध्ये त्याची गणना होते. सुमारे ६९ मीटर उंचीच्या या धरणामुळे ७५ किलोमीटर लांबीचा जलाशय निर्माण झाला असून धरणावर ९० मेगावॅट क्षमतेचे वीजनिर्मिती केंद्र आहे.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले जातात, तेव्हा खालच्या घाटांवर इशारा देण्यात येतो व नदीकाठी जाण्यास मनाई केली जाते. हा धोका उघड असतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात होणारा बदल मात्र चटकन लक्षात येत नाही. जलविद्युत केंद्राचे वैशिष्ट्य असे, की त्यातील निर्मिती मागणीनुसार कमीजास्त करता येते. विजेची मागणी साधारणपणे सायंकाळी वाढते. जनित्रे सुरू झाली की त्यांतून गेलेले पाणी नदीत येते आणि काही तासांनी खालच्या घाटांवर पातळी चढते. आकाश निरभ्र असते, पाऊस कोठेच नसतो, तरीही दुपारी कोरडा असलेला खडक किंवा वाळूचा पट्टा रात्री पाण्याखाली जाऊ शकतो.

दिवसा हा बदल डोळ्यांना दिसतो. रात्री झोपलेल्या माणसाला तो दिसत नाही.

धाराजीचा धडा

ही भीती काल्पनिक नाही. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात धाराजी येथे ७ एप्रिल २००५ च्या रात्री नर्मदाकाठी भाविकांची मोठी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी अमावास्येचे स्नान होते. वरच्या बाजूच्या इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी अचानक वाढले आणि पात्रातील व काठावरील लोक त्यात सापडले. या दुर्घटनेत साठहून अधिक भाविकांचा बळी गेला. त्या दिवसांत पूर आलेला नव्हता आणि पावसाळाही नव्हता. धरणाचे वेळापत्रक आणि जत्रेचे वेळापत्रक एकमेकांना ठाऊक नव्हते, एवढेच घडले होते.

रात्र नदीकाठी काढणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवली पाहिजे. मुक्काम पात्रातील वाळूवर किंवा बेटावर न करता काठाच्या वर, जुन्या पुराची खूण असेल तिच्याही वरच्या जागी करावा. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवल्यास पातळी वाढते आहे का, हे कळते. होडीचा दोर लांब ठेवून उंचावरच्या भक्कम आधाराला बांधावा, कारण आखूड दोराने बांधलेली होडी पाणी चढल्यावर एका बाजूला ओढली जाऊन उलटू शकते. गटातील एकाने तरी जागे राहावे. निघण्यापूर्वी धरणातून पाणी सोडण्याविषयी स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करावी आणि घाटावरील नावाड्यांचा सल्ला मानावा.

नियम आणि हंगाम

पावसाळ्यात, साधारणपणे जुलैपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, भेडाघाटची नौकाविहार सेवा बंद असते. कोजागरीच्या सुमारास चांदण्यातील संगमरवर पाहण्यासाठी गर्दी होते. डिसेंबर आणि जानेवारीत पहाटेच्या धुक्यामुळे समोरचा खडक दिसत नाही, म्हणून सूर्य वर येईपर्यंत होडी सोडू नये.

अंतर्देशीय जहाजांसाठी १९१७ चा जुना कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला आणि यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदणीचीही तरतूद त्यात करण्यात आली. राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील पाणथळ क्षेत्रे व नर्मदेतील क्रूझ आणि मोटारबोटींविरुद्ध आदेश दिला होता. त्यामुळे होडी ठरविताना ती कोणत्या प्रकारची आहे, तिची नोंद आहे का आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का, हे आधी पाहावे.

परिक्रमेतील एकमेव नौका

मराठी वाचकाला नर्मदा परिचित आहे ती मुख्यतः परिक्रमेमुळे. परिक्रमावासी नदी ओलांडत नाहीत, म्हणून तिलवाऱ्याच्या घाटावर ते होडीत पाऊल ठेवत नाहीत. नदी समुद्राला मिळते तेथे मात्र दक्षिण तटावरून उत्तर तटावरील मिठी तलाई येथे त्यांना होडीनेच जावे लागते. ही होडी भरतीची वेळ पाहून सुटते, मग ती वेळ मध्यरात्रीची का असेना. तेथील नावाडी समुद्राचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय दोर सोडत नाही.

तिलवाऱ्यात समुद्र नाही, परंतु तेथील पाण्यालाही चढउतार आहे. तो चंद्र ठरवीत नाही, धरण ठरविते. त्याची वेळ विचारून निघणाऱ्याला नदीकाठची ती रात्र सुखाने अनुभवता येईल.