सुई टोचून घेण्याआधी दुखणं वहीत लिहा

अॅक्युपंक्चरच्या सुया काढल्या की विचारलं जातं, "कसं वाटतंय आता?" आपण म्हणतो, "बरं वाटतंय." समोरच्या माणसाने अर्धा तास मेहनत घेतलेली असते, त्याला नाही कसं म्हणायचं? पण महिन्याभराने घरचे विचारतात की एवढे पैसे गेले, खाडे झाले, त्याचा उपयोग झाला का? तेव्हा नक्की सांगता येत नाही. कारण सुरुवातीला दुखणं किती होतं हे कुठे लिहिलेलंच नसतं, आणि महिन्यापूर्वीचं दुखणं नेमकं आठवत नाही.

तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. दुखण्याला तसं यंत्र नाही. ते ज्याचं त्यालाच कळतं, म्हणून विचारूनच मोजावं लागतं. डॉक्टर त्यासाठी साधा प्रश्न विचारतात: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं, तर तुमचा आकडा किती? लहान मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. आजीला दहाचा हिशेब जमत नसेल तर आण्यांत विचारा. "आठ आणे फरक पडला" असं जुनी माणसं सांगतातच की! तेही मापच आहे. फक्त दर वेळी एकच माप वापरा.

आकड्यात एक अडचण आहे. आपल्या बायका दुखणं कमी करून सांगतात. सात असलं तरी "काही नाही, चालायचंच" म्हणतात. काम सुटण्याची भीती असते, घरात कुणी कुरकुरी म्हणू नये असंही वाटतं. म्हणून आकड्याच्या शेजारी कामही लिहा. धुणीभांडी करणारी ताई असेल तर वाकून किती वेळ फरशी पुसता येते, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं, पाण्याचा हंडा उचलवतो का, रात्री दुखण्याने किती वेळा जाग येते. आणि दुखण्याच्या गोळ्या आठवड्याला किती लागतात. हे शेवटचं विसरू नका. आकडा तोच राहिला पण गोळ्या निम्म्यावर आल्या, तरी तो फायदाच आहे. या गोळ्या रोज खाऊन पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावरही ताण येतो.

हे सगळं उपचार सुरू करण्याआधी एक आठवडा, रोज रात्री झोपताना लिहा. एका दिवसाचा आकडा फसवतो, कारण कपड्यांचा ढीग धुतला त्या दिवशी आठ आणि सुटीच्या दिवशी चार असं होतंच. उपचार चालू असताना लिहीत राहा, आणि संपल्यावर महिन्याने पुन्हा एक आठवडा लिहा. सातावरून सहा झाले तर तो रोजचा चढउतार असू शकतो. दहाच्या मापावर सुमारे दोन अंक, किंवा आधीच्या दुखण्याचा जवळपास तिसरा हिस्सा कमी झाला, तर खरा फरक पडला असं संशोधक धरतात.

पण फरक पडला तो सुईनेच का? आपण उपचाराला जातो ते दुखणं अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. शिवाय अर्धा तास शांत पडून राहायला मिळतं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतं. दिवसभर राबणाऱ्या बाईला एरवी हे कुठे मिळतं?

हे तपासायला जर्मनीत एक मोठा अभ्यास झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या ११६२ जणांचे तीन गट केले. पहिल्या गटाला शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचल्या. तिसऱ्याला औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ४८ जणांना ठरवलेल्या मापाने आराम होता, दुसऱ्यात ४४ जणांना, तिसऱ्यात २७ जणांना. म्हणजे सुया टोचून घेणाऱ्यांना आराम जास्त मिळाला, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसं बिघडलं नाही. त्यामुळे मिळालेला आराम खोटा ठरत नाही. मात्र "नेमका बिंदू फक्त मलाच सापडतो" असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याचं ऐकू नये, असं मला वाटतं.

त्या अभ्यासात साधारण दहा बैठका होत्या, आणि थोडाफार गुण आला त्यांनाच पुढच्या पाच दिल्या. आपणही तेवढ्यावर वही उघडून पाहावी. आकडा, काम, गोळ्या यांतलं काहीच हललं नसेल तर पुढचे पैसे वाचवा.

सुई नवीन, सीलबंद पाकिटातली आणि तुमच्यासमोर फोडलेली हवी. वापरलेल्या सुईतून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतो. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोच करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. साखरेची आणि रक्तदाबाची औषधं कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई टोचल्यावर दम लागला तर लगेच रुग्णालयात जा.

काही दुखणी मोजत बसायची नसतात. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटणं, कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत बधिरपणा येणं, यांतलं काहीही झालं तर त्याच घटकेला १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल तर सुया नकोत, आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग असाच लपून बसतो, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.