औषधाच्या खिडकीशी एक मिनिट

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. पण परतीची एस.टी. चुकेल या घाईत खिडकीशी काही विचारायचं राहूनच जातं. माझ्या सासूबाईंचं असंच झालं. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या हातात पडल्या, समजावून कुणीच सांगितलं नाही. ‘आता बरं वाटतंय की’ म्हणून त्यांनी दहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या, आणि एका सकाळी चक्कर येऊन ओट्याशी पडल्या! थोडक्यात निभावलं.

भगिनींनो, बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखतखुपत नाही, म्हणूनच गोळी रोज हवी. क्षयाचा उपचार साधारण ६ महिने चालतो. खोकला थांबला म्हणून मध्येच सोडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

तेव्हा खिडकीशी चार गोष्टी विचाराच: किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस. संकोच नको. हे समजावून सांगणं फार्मासिस्टचं कामच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत तसं नमूद आहे. घरी कालनिर्णयावर रोज खूण करा. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुन्हा दवाखाना गाठा.

सासूबाई आता स्वतःच खूण करतात, आणि पेन जागेवर नसलं तर मलाच रागावतात!