‘मला सायनस आहे’ म्हणण्यापूर्वी...

मृग लागला की आपल्या बेळगावात घरोघरी छत्र्या बाहेर पडतात आणि त्यांच्या पाठोपाठ रुमाल. आमच्या घरात ज्याला ‘पडसं’ म्हणतात, त्याला सूनबाईच्या माहेरी ‘नेगडी’ म्हणतात. आम्ही म्हणतो ‘नाक चोंदलंय’, व्याही म्हणतात ‘मूगु कट्टिदे’. शब्द दोन, त्रास एकच. पण चार दिवसांनी डोके जड झाले, गालाची हाडे ठणकू लागली, की दोन्ही घरांत एकच शब्द ऐकू येतो, ‘सायनस’!

खरे तर ‘मला सायनस आहे’ या वाक्यात काहीच तक्रार नाही. सायनस प्रत्येकालाच असतात. नाकाच्या भोवती कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. एक गालांच्या मागे, एक कपाळात, एक दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि एक पार आत, मेंदूच्या तळाशी. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की त्याला ‘सायनुसायटिस’ म्हणतात. नाकाचे आणि या पोकळ्यांचे अस्तर एकच असल्याने सूज सहसा दोन्हीकडे असते. म्हणून डॉक्टर आता ‘ऱ्हायनोसायनुसायटिस’ असा लांबलचक शब्द वापरतात.

नाव काहीही असो. गोंधळ असा, की ‘सायनस’ या एका शब्दाखाली आपण पाच-सहा वेगवेगळे आजार घालतो आणि सगळ्यांवर एकच गोळी शोधतो. गेल्या काही वर्षांतील संशोधनाचा सूर याच्या नेमका उलट आहे. आधी आजार ओळखा, मग औषध घ्या.

आत काय चालते?

निरोगी माणसाच्या सायनसमध्येही पातळ चिकट द्रव सतत तयार होत असतो. अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे बारीक केस तो पुढे ढकलत नाकात आणतात आणि तिथून तो नकळत घशात जातो. गालाच्या सायनसचे तोंड तळाशी नसून वर असते. म्हणजे आडाचे पाणी रहाटाने वर काढावे, तसा हा द्रव त्या केसांना वर चढवावा लागतो. ऑस्ट्रियातील ग्राझ शहरातले डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने हा प्रवाह बारकाईने अभ्यासला. त्यांच्या लक्षात आले, की बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा मोठ्या पोकळीत नसते, तर तिच्या अरुंद दारात असते. दार सुजले की द्रव साचतो आणि साचलेल्या पाण्यात जसे शेवाळ धरते, तसा पुढचा त्रास सुरू होतो.

सर्दी की जंतुसंसर्ग?

साध्या सर्दीतही सायनसच्या अस्तराला सूज येते. ती विषाणूंमुळे असते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तरीही आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात मागच्या वेळची उरलेली पाकिटे असतातच. ‘शेंबूड पिवळा-हिरवा झाला, आता गोळी घ्यायलाच हवी’ हा समज तर पक्का आहे. प्रत्यक्षात निव्वळ रंगावरून जंतुसंसर्ग ठरत नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशी लढत असल्या की साध्या सर्दीतही रंग बदलतो.

2012 मध्ये अमेरिकेत 166 प्रौढ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना अमॉक्सिसिलिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. दहाव्या दिवशी औषध घेतलेल्यांपैकी 78 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी 80 टक्के लोकांनी बरे वाटत असल्याचे सांगितले. फरक जवळजवळ शून्य!

मग अँटिबायोटिक कधी लागते? दहा दिवस उलटून गेले तरी उतार नसेल, बरे वाटू लागून पुन्हा एकदम बिघडले, किंवा तीन-चार दिवस जास्त ताप, चेहऱ्यावर दुखणे आणि पू यासारखा स्राव असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. तोवर विश्रांती, पाणी, गरम पेज आणि थोडा धीर.

डोके दुखते ते सायनसमुळेच?

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणून सांगणारे 2,991 रुग्ण तपासले. त्यांतील 88 टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या जातीची निघाली. अर्धशिशीतही नाक गळू शकते, डोळ्यांत पाणी येते, गाल-कपाळ दुखते. त्यामुळे फसगत होते. दुखण्याबरोबर मळमळ होत असेल, उजेड आणि आवाज नकोसा वाटत असेल आणि नाक मोकळे असेल, तर सायनसच्या औषधांवर वर्षे घालवण्यापेक्षा अर्धशिशीची तपासणी करून घेतलेली बरी.

बाटलीचा आजार

आता माझीच गोष्ट सांगते. दोन हिवाळे मी नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची छोटी बाटली उशाखाली घेऊन झोपत होते. थेंब टाकले की दोन मिनिटांत श्वास मोकळा. सुरुवातीला रात्री एकदा पुरे होई. मग दोनदा, मग दुपारीही. बाटली विसरून खानापूरला लग्नाला गेले, तर अक्षता पडायच्या आधी मी औषधाच्या दुकानाच्या शोधात! शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिले आणि हसून म्हणाले, ‘‘बाई, तुमचा सायनस स्वच्छ आहे. तुम्हाला बाटलीचा आजार आहे.’’

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशा थेंबांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात. पण ते सलग बरेच दिवस वापरले, तर परिणाम ओसरताच सूज दुप्पट जोराने परत येते आणि नाक पुन्हा थेंब मागते. म्हणून ते तीन ते पाच दिवसांहून जास्त वापरू नयेत. मला ते सुटायला काही आठवडे लागले. त्या काळात डॉक्टरांनी दिलेला दुसरा फवारा होता, पण पहिल्या आठ रात्री मी बसूनच काढल्या. हे वाचून एखाद्या घरातली अशी बाटली आज कचऱ्यात गेली, तर त्या रात्री कामी आल्या म्हणेन.

सर्दीच्या गोळ्यांबद्दलही एक नवी गोष्ट. अनेक गोळ्या-सिरपांत फेनिलएफ्रिन असते. पोटातून घेतलेले हे औषध नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने काढला. भारतात डिसेंबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बजावले. नातवंडांसाठी सिरप घेताना बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा.

वाफ आणि मिठाचे पाणी

आता आजीबाईच्या बटव्याकडे वळू. वाफ घेतल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, यात शंका नाही. पण 2016 मध्ये इंग्लंडमध्ये वारंवार सायनसचा त्रास असलेल्या 871 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाफेचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. नाक मिठाच्या पाण्याने धुण्याचा मात्र थोडा, पण खरा फायदा दिसला. वाफेच्या उकळत्या पातेल्याने भाजण्याचा धोकाही असतो, म्हणून लहान मुलांना त्यापासून दूरच ठेवावे.

हठयोगातली जलनेती आपल्याला नवी नाही. आता तिला संशोधनाची जोड मिळते आहे. 2024 मध्ये ब्रिटनमधील सुमारे 14 हजार लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या आजाराची चाहूल लागताच नाकात साधा मिठाच्या पाण्याचा फवारा मारणाऱ्यांचे आजारपण नेहमीच्या सुमारे आठ दिवसांवरून साडेसहा दिवसांवर आले आणि अँटिबायोटिकचा वापरही कमी झाला.

घरी करायचे तर एक पेला, म्हणजे सुमारे 240 मिलिलिटर पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालावा. पाणी मात्र किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे, विहिरीचे पाणी तसेच वापरू नये. 2011 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता. हे फार दुर्मीळ आहे, पण पाणी उकळायला पाच मिनिटेही लागत नाहीत. भांडे रोज धुऊन वाळवावे आणि प्रत्येकाचे वेगळे असावे.

बारा आठवडे उलटले तर?

नाक बंद, घशात मागे उतरणारा स्राव, चेहऱ्यावर दाब, वास न येणे असा त्रास बारा आठवड्यांहून जास्त टिकला, तर तो जुनाट आजार. इथे जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवणे महत्त्वाचे. त्यासाठी मिठाचे पाणी आणि स्टिरॉइडचा नाकातला फवारा हा उपचाराचा पाया आहे. स्टिरॉइड म्हटले की घरात भीती पसरते. पण मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारख्या फवाऱ्यांतले औषध रक्तात फारच थोडे उतरते. ते लगेच काम करत नाहीत, दोन-तीन आठवडे नियमित वापरावे लागतात. मान किंचित खाली ठेवून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, मधल्या पडद्यापासून बाहेरच्या दिशेने फवारा मारावा. जोरात ओढू नये, नाहीतर औषध घशात जाते.

एवढे करूनही उतार नसेल तर शस्त्रक्रिया. 1985 मध्ये अमेरिकेतील डॉ. डेव्हिड केनेडी यांच्या लेखनातून ‘फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी’ हे नाव रूढ झाले. यात चेहऱ्यावर चिरा नसतो. दुर्बिणीतून ते अरुंद दारच मोकळे करतात. 2025 मध्ये ब्रिटनमधील पाचशेहून अधिक रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. फवारा आणि मिठाचे पाणी सर्वांनाच होते. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांचे सहा महिन्यांनी स्पष्ट बरे होते. ज्यांना तीन महिने क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिले, त्यांना मात्र औषधाविना गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त लाभ झाला नाही.

काहींच्या नाकात द्राक्षाच्या मण्यांसारखे मऊ कोंब वाढतात, त्यांना पॉलिप म्हणतात. वास जातो आणि काहींना दमाही असतो. शस्त्रक्रियेनंतरही ते पुन्हा येऊ शकतात. अशांसाठी सूज पेटवणारे शरीरातील नेमके संदेश अडवणारी इंजेक्शने आली आहेत. त्यांतील डुपिलुमॅबला जून 2019 मध्ये अमेरिकेत पॉलिपसाठी मान्यता मिळाली. ही औषधे महाग आहेत आणि मोजक्याच रुग्णांना लागतात. पण फवाऱ्याने आणि शस्त्रक्रियेनेही न सुटलेल्यांसाठी आणखी एक वाट उघडली आहे, हे माहीत असावे.

हे मात्र अंगावर काढू नका

डोळ्याभोवती सूज, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, एकाचे दोन दिसणे, असह्य डोकेदुखीबरोबर मान आखडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेही माणसाच्या नाकात काळी खपली दिसली किंवा गाल बधिर झाला, तरी तसेच. 2021 च्या कोरोना लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या म्युकरमायकोसिसने आपल्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले. त्याची सुरुवात पुष्कळदा याच सायनसांतून झाली होती.

एकाच नाकपुडीतून सतत घाण वास किंवा रक्त येत असेल, तेही दाखवून घ्या. लहान मुलात आत शेंगदाणा किंवा मणी अडकलेला सापडतो. मोठ्यात कधी वरची दाढ किडलेली निघते, आणि क्वचित गाठही.

येत्या पावसाळ्यात घरात कुणी डोके धरून ‘सायनस आहे’ म्हणाले, तर लगेच औषधांचा डबा उघडू नका. आधी विचारा, किती दिवस झाले? ताप आहे का? उजेड सहन होतो का? एका बाजूला की दोन्हींकडे? आणि उशाखाली बाटली तर नाही ना? मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये, पण विचारा. डॉक्टरांसमोर बसल्यावर यांचीच उत्तरे लागतात, आणि निम्म्या वेळा तर डॉक्टरांकडे जावेही लागत नाही.