सहा गुंठ्यांचा हिशेब

ज्या प्रदेशात वर्षातील चार-पाच महिने जमीन बर्फाखाली असते, तेथे शहरातील नोकरदार माणसाने आपल्या ताटातील बटाटा आणि कोबी स्वतः पिकवावा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला मानवणारी नाही. शिक्षकाने शिकवावे, कारकुनाने खतावणी लिहावी आणि भाजी बाजारातून घ्यावी, असे श्रमविभागणीचे तत्त्व सांगते. रशियातील लक्षावधी नागरी कुटुंबांनी मात्र हा उपदेश कित्येक पिढ्या मानलेला नाही. शहराबाहेरील लहानशी बाग आणि तिच्यातील लाकडी घर, ज्याला तेथे ‘दाचा’ म्हणतात, हे त्यांच्या जीवनक्रमाचे अविभाज्य अंग होऊन बसले आहे.

या प्रथेच्या मुळाशी हौसेपेक्षा भूक अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. १९४२ साली तेथील उद्याने आणि चौक खणून भाजीपाला लावण्यात आला. सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोरच्या चौकातही कोबीचे वाफे होते. युद्धानंतर, १९४९ साली, कामगार व नोकरदारांना बागेसाठी जमीन देण्याचे धोरण सोव्हिएत सरकारने आखले. कारखाने आणि कचेऱ्या यांच्यामार्फत होणाऱ्या या वाटपात कुटुंबाच्या वाट्याला सामान्यतः ६०० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडील जेमतेम सहा गुंठे जमीन येई. ती पुष्कळदा पाणथळ किंवा खुंटांनी भरलेली असे. तिच्यावर बांधावयाच्या घराचा आकारही नियमांनी जखडलेला होता. खासगी मालमत्तेकडे संशयाने पाहणाऱ्या राजवटीने ही सवलत दिली, ती औदार्यापोटी नव्हे, तर सरकारी दुकानांतील भाजीपाल्याचा तुटवडा तिला दूर करता येत नव्हता म्हणून.

सेंट पीटर्सबर्ग, म्हणजे पूर्वीचे लेनिनग्राड, उत्तरेस सुमारे ६० अक्षांशावर आहे. तेथील एखाद्या निवृत्त शिक्षिकेचे बागेचे वर्ष फेब्रुवारीच्या अखेरीस सदनिकेतील खिडकीपाशी सुरू होते. बाहेर बर्फ असतानाच दुधाच्या रिकाम्या खोक्यांत टोमॅटो आणि मिरची रुजत घातली जाते. मे महिन्याच्या आरंभीच्या सुट्ट्यांत उपनगरी गाड्या रोपांची खोकी आणि फावडी घेतलेल्या माणसांनी भरून जातात. बर्च वृक्षाचे पान कोपेकच्या नाण्याएवढे झाले की बटाटा लावावा, असा जुना ठोकताळा आहे. परंतु मे महिन्यातील ऊब फसवी असते. जूनच्या आरंभीही एखाद्या रात्री दहिवर पडून कोवळी रोपे काळी पडतात. म्हणून टोमॅटो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालीच वाढवावा लागतो.

जूनच्या मध्यानंतर सूर्य जवळजवळ एकोणीस तास मावळत नाही आणि पिके झपाट्याने वाढतात. तथापि हा उन्हाळा जितका उदार, तितकाच अल्पायुषी. आपल्याकडे खरीप हुकला तर, पाण्याची सोय असल्यास, रब्बीची आशा असते. तेथे दोन आठवड्यांचा उशीर त्या वर्षी भरून निघत नाही. ऑगस्टमध्ये दमट हवेबरोबर करपा येतो आणि टोमॅटो हिरवेच उतरवून घरात पिकवावे लागतात. काकड्या शेपू, लसूण आणि काळ्या करंटची पाने घालून तीन-तीन लिटरच्या बरण्यांत खारवल्या जातात. सप्टेंबरमध्ये बटाटा खणून तळघरात जातो, मग कोबी आंबविला जातो. ऑक्टोबरमध्ये जमीन गोठण्यापूर्वी पुढील वर्षाचा लसूण लावला की बाग बंद होते. त्यानंतरचे बर्फ हे शत्रू नव्हे. जमिनीतील मुळांना तेच पांघरूण असते.

या श्रमाचा हिशेब कसा मांडावयाचा? सोव्हिएत काळात एकूण लागवडीखालील जमिनीच्या सुमारे ३ टक्के असलेल्या खासगी तुकड्यांतून शेती-उत्पादनाचा सुमारे चतुर्थांश येत असे, हा आकडा सामुदायिक शेतीच्या अपयशाचा पुरावा म्हणून वारंवार दिला गेला. तो अपुरा आहे. त्यात शहरी बागांपेक्षा खेड्यांतील परसांचा आणि तेथील जनावरांचा वाटा मोठा होता, आणि त्या जनावरांचा चारा पुष्कळदा सामुदायिक शेतातूनच येई. शिवाय भाड्याचे आणि प्रवासाचे तास मजुरीच्या दराने मोजले, तर घरचा बटाटा बाजारापेक्षा महाग पडतो, असे कोणीही दाखवून देऊ शकेल.

परंतु हा युक्तिवाद एक गोष्ट गृहीत धरतो: त्या तासांना दुसरीकडे गिऱ्हाईक आहे आणि मिळालेल्या पगाराला किंमत आहे. १९९२ च्या जानेवारीत रशियात किमती मुक्त करण्यात आल्या आणि त्या वर्षअखेर सुमारे पंचवीस पटींनी वाढल्या. आयुष्यभराची बचत विरघळली. पुढे शिक्षकांचे आणि कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले. त्या दशकाच्या अखेरीस देशातील सुमारे नऊ-दशांश बटाटा घरगुती तुकड्यांवर पिकत होता. बँकेतील रुबल बुडाले, तळघरातील बटाटा बुडाला नाही. दाचावरील श्रम ही मजुरी नव्हती. तो विम्याचा हप्ता होता.

यावरून स्वावलंबनाचे गोडवे गाणे मात्र उचित होणार नाही. हा हप्ता प्रामुख्याने वृद्धांनी, त्यातही स्त्रियांनी, पाठीच्या कण्याने भरला. निवृत्तिवेतन तुटपुंजे ठेवूनही जनता उपाशी मरत नाही, हे सरकारला परवडले ते या फुकटच्या श्रमामुळे. माणसे निभावून नेतात, म्हणून धोरण यशस्वी ठरत नाही.

पुढे उत्पन्न वाढले, दुकाने भरली, तेव्हा अनेकांच्या सहा गुंठ्यांवर बटाट्याच्या जागी हिरवळ आणि फुलझाडे आली. काहींनी बटाटा सोडला नाही. कुणाला त्याची चव आवडते, कुणाचा पगारावर आणि पेन्शनवर अद्याप पुरता विश्वास बसलेला नाही. आवडीने लावलेला बटाटा आणि भीतीने लावलेला बटाटा सांख्यिकीच्या कोष्टकात एकाच रकान्यात पडतात. राज्यकर्त्यांनी मात्र त्यांतील फरक ओळखला पाहिजे. नोकरदाराने बाग करावी; तिच्यावाचून त्याचा हिवाळा निघू नये, ही अवस्था कोणत्याही अर्थव्यवस्थेला भूषणावह नाही.