नाक कुणाचं, बिल कुणाचं?

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडच्या एका नाकाची हकीकत छापून आली. नाक कावसजीचं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं.

कसं, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलायची. दोन डोळ्यांच्या मध्ये मात्र एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी पिळून खाली वळवायची. टाके नाहीतच! पानात खातो तो कात पाण्यात मऊ करून, चिंध्यांवर थापून वरून चिकटवायचा. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली की नाक स्वतंत्र.

त्याच मजकुरात जाता जाता सांगितलंय की कावसजी आता कंपनी सरकारचा पेन्शनर आहे. नाक चाकरीत गेलं, म्हणून कंपनीने पोसलं. हौसेने नाक सरळ करायला निघाला असता, तर कुणी विचारलं असतं?

सव्वादोनशे वर्षं उलटली, तरी बिलाचा हिशेब याच प्रश्नावर अडतो: चाकू लावला कशासाठी? सर्जन तोच, भूल तीच. पण जन्मजात व्यंग किंवा अपघाताची इजा दुरुस्त केली तर जीएसटी माफ, आणि निव्वळ रूपासाठी केली तर कर लागू. विम्याचंही तसंच. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर ठीक, नाहीतर कॉस्मेटिक सर्जरीला पॉलिसीत जागा नाही. एक फट मात्र आहे. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी उपचार गरजेचे आहेत, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलं, तर ही बंदी लागू होत नाही. म्हणजे बिघडलेला चेहरा विम्याला दिसत नाही; चेहऱ्यातून विष भिनू लागलं, तर दिसू शकतो.

फ्रान्सने तर याची कमालच केली. 'पीआयपी' कंपनीने स्तनांच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. सरकारने पुढच्या वर्षी ते काढून घ्यायचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च सगळ्यांसाठी उचलला. नवं बसवण्याचा खर्च मात्र कॅन्सरमुळे शस्त्रक्रिया झालेल्यांनाच!

आता परभणीकडे या. समजा, इथला एक तरुण देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठतो, ऐंशी हजार मोजून हेअर ट्रान्सप्लांट करून घेतो आणि डोक्यात पू घेऊन परततो. दुरुस्तीचा खर्च कुणाचा? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले. पण १९८६ च्या त्या कायद्यात तक्रार करायची ती डॉक्टर जिथे बसतो किंवा घटना जिथे घडते तिथे. म्हणजे दर तारखेला मुंबई. २० जुलै २०२० पासून नवा कायदा लागू झाला आणि चित्र पालटलं: तक्रारदार जिथे राहतो, तिथेही दावा चालतो. डॉक्टर वांद्र्याचा, दावा परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात! मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च भरपाईत मागता येतो. मला या सगळ्यात आपल्या गावी दावा लावू देणारं कलमच सर्वांत नवलाचं वाटतं, आणि गावाकडे ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अर्थात, मनासारखं झालं नाही म्हणजे डॉक्टर चुकला असं नव्हे. कुणाच्या अंगाचा व्रण जाड होऊन वर येतो, त्याला सर्जन काय करणार? अशा वेळी काही जण टच-अपची स्वतःची फी सोडतात, पण थिएटर, भूलतज्ज्ञ आणि औषधं तुमच्याच माथी. सर्वांवर मोफत उपचार होणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध तर ग्राहक आयोगाचं दारच बंद.

म्हणून सही करण्याआधी विचारा: बिघडलं तर दुरुस्तीचं कोण, किती देणार? उत्तर लेखी घ्या. पक्कं बिल, संमतीपत्राची प्रत आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.